सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये

१२ एप्रिल
निशिमोरी

दादा,

तुझा पत्ता ओनोगी डॉक्टरांकडून घेतला. त्यांनी सहज दिला नाही. "नऊ वर्षं मी त्याला नव्या वर्षाचं कार्ड पाठवतोय. त्यात तुझं नाव नसतं, म्हणून त्याचं उत्तर येतं," म्हणाले. मग औषधाच्या पावतीमागे लिहून दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. आपल्या खोऱ्यात जनावरांचे डॉक्टर आता ते एकटेच उरलेत.

पत्राला खास कारण नाही. बाबा बरे आहेत. मार्चमध्ये अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाले. गुडघा दुखतो, पण ते कबूल करत नाहीत, फक्त गोठ्याच्या पायऱ्या एक एक करून उतरतात. आईचे तेराव्या वर्षाचे विधी फेब्रुवारीत झाले. आम्ही दोघंच होतो. मंदिरातल्या गुरुजींनी तुझी चौकशी केली, तेव्हा बाबांनी त्यांच्या भरलेल्या कपात आणखी चहा ओतला.

गोठ्यात सध्या बारा बैल आहेत. बाराही आमच्या संशोधन केंद्राच्या प्रयोगातले. खुराक केंद्राचा, जागा आणि राबणं बाबांचं. मी दर दोन महिन्यांनी प्रत्येकाच्या पाठीवरची जागा बधिर करते, जाड सुई घालते आणि भाताच्या दाण्याएवढा स्नायूचा तुकडा काढते. तोच बैल, तोच स्नायू, दहाव्या महिन्यापासून कापेपर्यंत. दहाव्या महिन्यात काचेखाली नुसते लाल धागे दिसतात, जुड्या बांधल्यासारखे. मग धागे जाड होतात. मग जुड्यांच्या फटीत चरबीची एखादी पेशी येऊन बसते, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता वस्ती होते. बाकी सगळे हे मेल्यावर बघतात. मी ते होताना बघते आहे. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं आणि केंद्रात सगळ्यांना ते आधीच माहीत आहे.

सहा जणांना अ जीवनसत्त्व सगळेच देतात तेवढं कमी, आणि सहा जणांना त्याहूनही कमी. पंधराव्या महिन्यापासून हिरवं गवत, म्हणजेच अ जीवनसत्त्व, कमी केलं की चरबी स्नायूच्या आत शिरते आणि फार कमी केलं की जनावराचे डोळे जातात, हे तुला मी समजावून सांगायला नको. किती कमी करायचं, एवढाच प्रश्न आहे. कुणीतरी त्याचं उत्तर काढायलाच हवं.

सात नंबर आपल्या यायोई गायीचा शेवटचा गोऱ्हा. बाकी अकरा वासरांच्या बाजारातून आणलेले. यायोईच्या जन्माच्या वेळी तू तिचे पाय धरून ओढलं होतंस आणि तुझ्या जॅकेटात गुंडाळून तिला घरात आणलं होतंस, म्हणून लिहिते. सातही तिच्यासारखाच कान हलवतो, एक पुढे आणि एक मागे. गट पाडताना चिठ्ठ्या टाकल्या. तो कमीवाल्या गटात गेला. चिठ्ठ्याच होत्या.

उत्तराची अपेक्षा नाही.

फुमिए


५ जुलै

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "लिहू नकोस. जनावरं कशी आहेत?" पहिल्या वाक्याचं ऐकायचं की दुसऱ्याला उत्तर द्यायचं, यात दोन आठवडे गेले.

जनावरं चांगली आहेत. एकवीस महिन्यांची झाली, बहुतेकांनी सहाशे किलो ओलांडले. कमीवाल्या गटाच्या मांसात चरबीची जाळी इतकी दाट भरते आहे की केंद्रप्रमुख हाचिया सूक्ष्मदर्शकावरून उठायला तयार होत नाहीत. काल म्हणाले, "फुमिएसान, हे मांस आहे की पहिल्या बर्फाचं अंगण?" ते असं क्वचित बोलतात. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कमीवाल्या गटाच्या रक्तातला अ जीवनसत्त्वाचा आकडा तिसाच्या आसपास आहे. दोघांचा तिसाच्या खाली गेला. सातचा सव्वीस. तिसाखाली धोका असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रयोगाचा आराखडा तेविसाव्या महिन्यापर्यंतचा आहे आणि हाचिया म्हणतात तोवर हात लावायचा नाही. मधेच जीवनसत्त्व दिलं तर वर्षभराचं काम वाया जाईल. माझ्या हातात फारसं काही नाही.

बाबांचं आणि माझं बोलणं जनावरांपुरतंच चालतं, तेही चांगलं चालतं. परवा मी संध्याकाळी गेले तर ते गव्हाणीपाशी उभे होते.

"हा सात बघ," म्हणाले, "गव्हाणीला धडकला."

"उकाडा आहे बाबा. पेंगत असेल."

"पेंगणारा बैल खाली बसतो. हा चालत येऊन धडकला."

"बाकीच्यांनी ढकललं असेल."

"असेल बाई. तू पाठीत सुई घालून आतलं बघतेस, मी आपला बाहेरून बघतो. बाहेरून धडकल्यासारखा दिसला."

मग आम्ही घरात गेलो. त्यांनी लाल सलगमाचं लोणचं काढलं, आईच्याच बरणीतलं, पण आता ते स्वतः घालतात आणि मीठ जास्त होतं. जेवताना एकदा म्हणाले, "तोयामाला पाऊस फार झाला म्हणे." तुझं नाव घेतलं नाही. तू तिथे बस चालवतोस हे त्यांना माहीत आहे, कसं ते मला माहीत नाही.

फुमिए


२१ सप्टेंबर

दादा,

तू जनावरांबद्दल विचारलं होतंस, म्हणून कळवते. सात नंबरला दिसत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर, सणाच्या सुट्टीत बाबांच्या लक्षात आलं. अंधार पडू लागला की तो एकाच जागी उभा राहायचा आणि शेपूटसुद्धा हलवायचा नाही. नंतर दिवसाही तसाच. बाबांनी त्याच्या तोंडासमोर टोपी हलवली, पापणी लवली नाही. मी गेले तेव्हा त्यांनी पुन्हा तसं करून दाखवलं, दोनदा, जणू माझी खात्री पटत नसेल. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि विचारलं, "रक्ताचा आकडा काय आला?"

मी म्हटलं, "अजून आला नाही."

"गेल्या वेळी आठ दिवसांत आला होता."

"सुट्ट्या आहेत ना, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओनोगी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकला, मागच्या पायांचे सांधे दाबले. बोटाचा खळगा तसाच राहिला, पीठ दाबल्यासारखा. "पाणी धरलंय," म्हणाले. "आजच जीवनसत्त्वाची सुई देतो. डोळ्यांचं सांगता येत नाही, पण मांस तरी वाचेल."

मी म्हटलं दोन आठवडे थांबा. बाविसाव्या महिन्याचा तुकडा घ्यायचा राहिला होता.

"दोन आठवडे कशाला थांबू?"

"त्याच्याआधी दिलं तर तुलनाच राहणार नाही, डॉक्टर."

ओनोगी माझ्याकडे बघत राहिले. तुला त्यांची सवय माहीत आहे, रागावले की ते विनोद करतात. म्हणाले, "पूर्वी लोक मला विचारायचे, डॉक्टर, जनावर जगेल ना? आता विचारतात, डॉक्टर, जनावर आकड्यांशी जुळेल ना?" आणि पिशवी बंद केली. प्रयोग केंद्राचा आहे, डॉक्टर केंद्राच्या परवानगीशिवाय सुई देऊ शकत नाहीत आणि गोठ्यात केंद्र म्हणजे मी होते.

सुई नंतर दिली. सहाही जणांना दिली. बाकी पाच जण ठीक आहेत, एकाचे सांधे थोडे सुजलेत एवढंच. सातला बाबांनी वेगळ्या कप्प्यात ठेवलंय. पाणी पाजायला ते स्वतः त्याचं तोंड बादलीपर्यंत नेतात. मी म्हटलं, त्याला वासावरून कळतं. "कळत असेल," म्हणाले आणि नेत राहिले.

फुमिए


३० नोव्हेंबर

दादा,

ओनोगी म्हणाले, तू त्यांना फोन केला होतास आणि त्यांनी तुला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं. उरलेलं मी सांगते, म्हणजे ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

मी जुलैत लिहिलं की हाचिया हात लावू देत नाहीत. खरं म्हणजे हाचियांनी मला विचारलं होतं. "सातचा आकडा वाईट आहे. त्याला बाहेर काढायचं का? निर्णय तुमचा, जनावर तुमच्या घरचं," असं म्हणाले होते. मी नको म्हटलं. त्याची जाळी सगळ्यांत सुंदर होती.

चिठ्ठ्या खरंच टाकल्या होत्या. त्यात सात नेहमीच्या गटात आला होता आणि चार कमीवाल्यात. मी त्या दोघांना बदललं. यायोईच्या आईकडून आलेलं रक्त चरबी आत खेचणारं आहे, हे मला माहीत होतं. कमी गटात एक तरी असा हवा होता की ज्याचं चित्र छापलं तर लोक थांबून बघतील.

आणि ऑगस्टमध्ये बाबांनी आकडा विचारला तेव्हा तो आला होता. तीन आठवड्यांपूर्वी आला होता आणि माझ्या खणात होता. अकरा.

बाबांना हे ऑक्टोबरमध्ये कळलं. औषध दिलेल्या जनावरांच्या नोंदीवर मालकाची सही लागते, तिला रक्ताचा अहवाल जोडलेला असतो. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. चाळून सही करतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा आणला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"इथे तारीख जुलैची आहे," म्हणाले.

"हो."

"मी विचारलं तेव्हा आला नव्हता म्हणालीस."

"आला होता."

"बरं," म्हणाले आणि सही केली. नाव नेहमीपेक्षा हळू लिहिलं. मग उठून भात लावायला गेले. मी थांबले. मला वाटलं ओरडतील. तांदूळ धुण्याचा आवाज आला, मग नळ बंद झाल्याचा. तुझ्यावर ओरडले होते ना, मग माझ्यावरही ओरडायला हवं होतं.

ते लिहायलाच बसले आहे तर लिहून टाकते. तू सहा बैलांना चोरून ओलं गवत घालत होतास, ते बाबांनी बघितलं नव्हतं. ते माझ्या आकड्यांत सापडलं. मी तेव्हा नुकतीच केंद्रात लागले होते, आपल्याच गोठ्यातलं रक्त तपासायला नेलं होतं. सहा जणांचे आकडे नव्वदच्या घरात बघून मी दोनदा तपासणी केली आणि मग कागद घेऊन जेवणाच्या वेळी घरी आले. किती खूश होते मी. चूक पकडली होती. तू समोर भात खात होतास आणि मी बाबांना आलेखाची रेषा समजावून सांगत होते. तू एवढंच म्हणालास, "चौथ्याला अंधारात दिसेनासं झालं होतं." बाबांनी तुझे बूट उचलून अंगणात बर्फात टाकले. तू बाहेर जाऊन तिथेच ते पायांत घातलेस आणि परत आत आला नाहीस.

त्या सहा जणांना कापलं तेव्हा मी तिथे होते. त्यांचं मांस बाकीच्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. एकाची जाळी तर जास्त होती. हे मी बाबांना सांगितलं नाही. तुला शोधून सांगितलं नाही. कागदावरही आणलं नाही, कारण सहा ही संख्या लहान आहे, असं मी स्वतःला समजावलं.

क्षमा मागायला हे लिहीत नाही. मागितली तर तुला द्यावी की नाही याचा विचार करावा लागेल, तेही तुझ्यावर ओझंच.

फुमिए


४ मार्च

दादा,

बारा जण गेले. गुरुवारी.

बाबा कधी कत्तलखान्यावर जात नाहीत, तुला माहीत आहे. गाडीत चढवून दिलं की ते गोठा धुवायला लागतात. या वेळी म्हणाले, "मी येतो." आईच्या विधीला घातलेला कोट घातला. अकरा जण नेहमीसारखे चढले, ओढाताण, शिव्या, ड्रायव्हरचं घड्याळाकडे बघणं. सात फळीपाशी थांबला. पुढचा पाय उचलायचा आणि फळी सापडेना की परत ठेवायचा. ड्रायव्हरने दांडा घेतला. बाबांनी त्याला हातानेच थांबवलं, स्वतः फळीवर उलटे उभे राहिले आणि बाही सातच्या नाकाला लावली. तसेच मागे मागे चढत गेले, तो दुखरा गुडघा घेऊन. सात बाहीमागे चढला.

तिकडे उतरतानाही तसंच. पुढच्या दारातून बाहेरच्या माणसांना जाऊ देत नाहीत. बाबांनी बाही काढून घेतली. तो कान हलवत उभा राहिला, तेवढ्यात आतल्या माणसाने दोर घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शीतगृहाच्या काचेबाहेर उभे होतो. सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये कापून उघडतात आणि त्या एका कापाच्या चेहऱ्यावरून मांसाची प्रत ठरवतात. पाच नंबर, नऊ नंबर, चांगले निघाले. मग सात. तपासनीसाने उजेड धरला आणि मग आणखी जवळ नेला. मी नऊ वर्षं हे बघते आहे. इतकं दाट, इतकं बारीक मी कधी बघितलं नव्हतं. लाल म्हणावं इतकं लाल उरलंच नव्हतं. बारा, तो म्हणाला. जाळीच्या मोजपट्टीवर बाराच्या पुढे आकडा नाही. माझे सगळे तुकडे, सगळे महिने, तिथे एका जागी उभे होते आणि मी मनात जे चित्र काढलं होतं तसेच होते. आनंद झाला मला, दादा. बाबा शेजारी उभे असताना झाला. तो लपवायला मी वहीत काहीतरी लिहायला लागले.

मग त्याने खांद्याकडचा भाग दाबला. पाणी वाहिलं. मांड्यांतही तेच, स्नायूंच्या मधे खळीसारखा चिकट द्रव. सुई उशिरा दिली होती. खांदा टाकून दिला, मांड्या टाकून दिल्या. उरलेल्यावर दोषाचा शिक्का मारला, निळा.

बाबांनी विचारलं, "बारा म्हणजे चांगलं ना?"

"सगळ्यांत चांगलं."

"आणि तो शिक्का?"

"पाणी धरलं होतं त्याचा."

"म्हणजे सगळ्यांत चांगलं आणि टाकायचं."

"सगळं नाही बाबा, काही भाग."

ते काचेला आणखी जवळ गेले. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली, ती त्यांनी कोटाच्या बाहीने पुसली. "तात्सुओला हे दाखवायला नको," म्हणाले. नऊ वर्षांनी मी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं.

परतताना गाडीत मी म्हटलं, यातून एक गोष्ट पक्की झाली, तिसाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आता ते आकड्यांनी सिद्ध आहे, दुसऱ्या गोठ्यांतली जनावरं वाचतील. बाबा म्हणाले, "हे ओनोगी वीस वर्षं सांगतोय." मग खिडकीबाहेर बघत राहिले.

मी तुला हे दाखवायला नको होतं तरी लिहिलं.

फुमिए


२९ मार्च

दादा,

लेख स्वीकारला गेला. पहिल्या पानावर सातच्या कापाचं चित्र आहे. हाचियांनी केंद्रात सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. शरदात चोवीस वासरं येणार आहेत, दुसऱ्या गावातल्या गोठ्यात. काम माझ्याकडेच आहे. मी हो म्हटलं. मला दुसरं काही येत नाही.

आपला गोठा रिकामा आहे आणि रिकामाच राहणार. बाबांनी केंद्राला कळवलं, मला नाही. मी केंद्रातल्या टेबलावर त्यांच्या हस्ताक्षरातलं पत्र वाचलं. "वयामुळे", एवढंच कारण. आता मी शनिवारी जाते, भाजी देते, ते "ठेव" म्हणतात. मी विचारलं तर उत्तर देतात. मी विचारलं नाही तर नाही. भांडण नाही. त्यांनी माझ्यासाठीचं ताटही रोजच्या जागी मांडलेलं असतं.

काल शनिवार होता. मी नेहमीप्रमाणे सहाला घरी पोचले. ओट्यावर दोन कप पालथे घातलेले होते आणि बाबांनी दाढी केलेली होती. पायऱ्यांपाशी बर्फ काढलेला, रुंद फावड्याने, त्यांना जमणार नाही इतका. लोणच्याची बरणी खाली उतरवलेली होती.

"कुणी आलं होतं?" मी विचारलं.

"तात्सुओ," ते म्हणाले. जणू तू दर शनिवारी येतोस.

मी कोट काढला नव्हता, तशीच बसले. ते आपणहून सांगत गेले. दुपारी एकला आलास. गोठ्यात जाऊन आलास, सातच्या कप्प्यात जरा वेळ थांबलास. भात खाल्लास आणि लोणचं खारट आहे म्हणालास. त्यावर ते हसले असणार, कारण सांगतानाही हसले. मेपासून महिन्यातून दोनदा येशील, गोठ्याचा पत्रा काढायला. त्यांच्या गुडघ्यासाठी तोयामातल्या दवाखान्यात वेळ घेतलीस. जुन्या गोष्टी काढल्या नाहीत म्हणाले, दोघांनीही. इतकं सलग ते माझ्याशी ऑक्टोबरनंतर प्रथमच बोलत होते.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

त्यांनी बरणीचं झाकण लावलं. मला वाटलं काही चांगलं आठवून सांगतील. पण त्यांना खोटं बोलता येत नाही, ते आपल्या घरात मीच शिकले.

"विचारलं त्याने," ते म्हणाले. "फुमिए किती वाजता येते म्हणून. मी म्हटलं, सहाला. साडेपाचला निघाला."

मी बस ज्या वळणावर थांबते तिथून घरापर्यंत अर्धा तास चालत आले होते. वळणापाशीच समोरून एक पांढरी गाडी गेली होती, दिवे लावलेली. वाट द्यायला मी कडेला बर्फात उभी राहिले होते. आता वाटतं, ती थोडी हळू झाली होती. पण त्या वळणावर सगळ्याच हळू होतात.

यापुढे मी शनिवारी जाणार नाही. रविवारी जाईन. तू घाईने निघू नकोस, बाबांना संध्याकाळी गरम जेवायला सोबत लागते.

हे शेवटचं पत्र. तू पहिल्याच कार्डात सांगितलं होतंस.

फुमिए